९७ विरुद्ध ०: श्रीकांत श्रीनिवासन यांच्या नेमणुकीचे प्रकरण

२३ मे २०१३ रोजी अमेरिकी सिनेटने एका न्यायाधीशाच्या नेमणुकीवर मतदान घेतले. बाजूने ९७ मते पडली, विरोधात एकही नाही. चंदीगडमध्ये जन्मलेले श्रीकांत श्रीनिवासन वॉशिंग्टनच्या संघीय अपील न्यायालयावर गेले. संघीय अपील न्यायालयावर बसणारे ते दक्षिण आशियाई वंशाचे पहिले न्यायाधीश. आपल्याकडे बातमी आली ती याच अंगाने, आणि तिचा आनंद होणे साहजिक होते.

पण त्या एका आकड्यामागे जे दडले होते ते बातमीत मावणारे नव्हते. ही जागा साडेचार वर्षे रिकामी होती. त्या न्यायालयावर सात वर्षांत एकाही नव्या न्यायाधीशाला मंजुरी मिळालेली नव्हती. दोनच महिने आधी त्याच न्यायालयासाठीचे आणखी एक नाव सिनेटने अडवून शेवटी मागे घ्यायला लावले होते. आणि श्रीनिवासन यांना एकमुखाने पाठवल्यावर सहा महिन्यांच्या आत, पुढच्या तीन नावांवरून एवढे रण माजले की सिनेटला आपला जुना नियम मोडावा लागला. मग मधल्या या एका दिवशी एकमत कसे झाले?

एकमत लायकीवर झाले, असे तेव्हा पुष्कळांनी लिहिले. लायकी निर्विवाद होती. पण माझे मत असे की लायकीने त्यांना उंबरठ्यापर्यंत आणले आणि आत घेतले ते न्यायालयातल्या पक्षनिहाय बेरजेने. बेरीज वेगळी असती तर हाच माणूस, हीच पदवी, हीच शिफारसपत्रे घेऊन ताटकळत राहिला असता. तसे ताटकळलेले लोक होते, त्यांची नावे पुढे येतीलच.

कोणते न्यायालय

अमेरिकेत संघीय न्यायव्यवस्थेच्या तीन पायऱ्या आहेत: खाली ९४ जिल्हा न्यायालये, मध्ये १३ अपील न्यायालये, वर सर्वोच्च न्यायालय. अपील न्यायालयांना सर्किट म्हणतात. श्रीनिवासन ज्यावर गेले ते वॉशिंग्टनचे न्यायालय म्हणजे डीसी सर्किट, क्षेत्रफळाने सगळ्यांत लहान. त्याच्या हद्दीत फक्त राजधानीचे शहर येते आणि न्यायाधीशांच्या जागा ११. पण संघीय सरकारची खाती आणि नियामक मंडळे याच शहरात आहेत, आणि त्यांच्या नियमांना आव्हान देणारे खटले मोठ्या प्रमाणावर इथेच येतात. विजेच्या कारखान्यांनी हवेत किती धूर सोडावा, टेलिफोन आणि इंटरनेट कंपन्यांवर कोणते बंधन असावे, कामगारांच्या तक्रारी ऐकणारे मंडळ नीट नेमले गेले आहे का, असले प्रश्न. सर्वोच्च न्यायालय त्या काळात वर्षाला सत्तर-ऐंशी प्रकरणेच ऐकत असे. त्यामुळे बहुतेक वेळा या न्यायालयाचा शब्द शेवटचा ठरतो.

शिवाय वर जाण्याची ही नेहमीची पायरी. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयातल्या नऊपैकी चौघे, म्हणजे रॉबर्ट्स, स्कॅलिया, थॉमस आणि गिन्सबर्ग, पूर्वी डीसी सर्किटवर बसलेले होते. इथे चाळिशीतला माणूस पाठवताना समोरचा पक्ष त्याच्याकडे भावी सर्वोच्च न्यायाधीश म्हणूनच पाहतो.

पद आजन्म असते, निवृत्तीचे वय नाही. राज्यघटनेने वय, पदवी, वकिलीची वर्षे अशी एकही अट घातलेली नाही. अध्यक्षांनी नाव द्यायचे आणि सिनेटने संमती द्यायची, एवढेच कलम आहे. बाकीचे सगळे प्रथेने आले: एफबीआयची चौकशी, वकिलांच्या राष्ट्रीय संघटनेचा शेरा, लांबलचक प्रश्नावली, न्यायविषयक समितीपुढची जाहीर सुनावणी, समितीचे मतदान आणि मग सभागृह. इतर सर्किटांच्या बाबतीत त्या त्या राज्याच्या दोन सिनेटरांची निळ्या कागदावरची संमती मागण्याची प्रथा तेव्हा होती. राजधानीच्या शहराला सिनेटरच नाहीत, त्यामुळे डीसी सर्किटला ती अडचण येत नसे. म्हणून इथली भांडणे स्थानिक राहत नाहीत, थेट पक्षा-पक्षांत होतात.

आणि त्या वेळचा सगळ्यांत महत्त्वाचा नियम म्हणजे चर्चा थांबवून मतदान घ्यायला ६० मते लागत. एखादे नाव पाडण्यासाठी त्याच्याविरुद्ध बहुमत जमवण्याची गरज नव्हती. ४१ जणांनी चर्चा थांबू दिली नाही की नाव आपोआप लटकत असे. आपल्याकडे कॉलेजियमने शिफारस केलेले नाव केंद्राकडे जाते आणि फाइल पडून राहते, 'नाही' असे कोणी म्हणत नाही, हा अनुभव मुंबई उच्च न्यायालयाच्या जागांबद्दल वाचणाऱ्या कोणालाही ओळखीचा वाटेल. फरक एवढाच की तिथे उमेदवाराला निदान एकदा उघड्यावर प्रश्न विचारले जातात, त्याची उत्तरे छापली जातात आणि कोणी कसे मत दिले ते नावानिशी कळते. मला ही फार मोठी गोष्ट वाटते.

लॉरेन्स ते वॉशिंग्टन

श्रीनिवासन यांचा जन्म २३ फेब्रुवारी १९६७ चा. घराणे मूळचे तिरुनेलवेलीजवळच्या एका खेड्यातले. ते लहान असतानाच कुटुंब अमेरिकेत गेले आणि कॅन्सस राज्यातल्या लॉरेन्स या विद्यापीठाच्या गावी स्थायिक झाले. वडील कॅन्सस विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक होते, आईही अध्यापनात होत्या. शाळेत ते बास्केटबॉल खेळत. पुढे व्यावसायिक संघांत नाव कमावलेला डॅनी मॅनिंग त्याच शाळेच्या संघात होता. तिथून स्टॅनफर्ड: १९८९ मध्ये बीए, १९९५ मध्ये कायद्याची पदवी आणि सोबत एमबीए.

त्यानंतरच्या दोन नोकऱ्यांकडे नीट पाहावे लागते. कायद्याची पदवी घेतल्यावर वर्षभर एखाद्या न्यायाधीशाचा लॉ क्लार्क म्हणून काम करणे हा तिथल्या हुशार विद्यार्थ्यांचा राजमार्ग आहे. श्रीनिवासन यांनी पहिले वर्ष चौथ्या सर्किटचे न्यायाधीश हार्वी विल्किन्सन यांच्याकडे काढले आणि पुढे १९९७-९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयात सँड्रा डे ओ'कॉनर यांच्याकडे. दोघांनाही नेमले होते रिपब्लिकन अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी. पुढे डेमोक्रॅट अध्यक्षाने त्यांचे नाव दिले तेव्हा रिपब्लिकन वकिलांच्या वर्तुळात त्यांना ओळखणारे आणि त्यांच्याबद्दल चांगले बोलणारे लोक होते, त्याचे मूळ इथे आहे. चौथ्या सर्किटवर त्याच सुमारास आणखी एक तरुण क्लार्क होता, टेड क्रूझ. अठरा वर्षांनी तो टेक्ससचा सिनेटर म्हणून सुनावणीला समोर बसला आणि त्याने जुनी मैत्री जाहीरपणे सांगितली.

मग ओ'मेल्व्हेनी अँड मायर्स ही मोठी कायदा कंपनी. तिथून २००२ मध्ये सॉलिसिटर जनरलच्या कार्यालयात. सर्वोच्च न्यायालयात सरकारची बाजू मांडणारे हे कार्यालय म्हणजे जेमतेम वीसेक वकिलांचे. तिथे रिपब्लिकन अध्यक्ष बुश यांच्या राजवटीत श्रीनिवासन पाच वर्षे होते. २००७ मध्ये पुन्हा ओ'मेल्व्हेनीत भागीदार म्हणून गेले. एन्रॉनचे माजी प्रमुख जेफ्री स्किलिंग यांची बाजू त्यांनी २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयात मांडली. ऑगस्ट २०११ मध्ये ओबामांच्या राजवटीत ते प्रधान उपसॉलिसिटर जनरल झाले. नील कट्याल यांच्यानंतर ही जागा त्यांच्याकडे आली. मंजुरी मिळेपर्यंत सर्वोच्च न्यायालयात त्यांचे वीसहून अधिक युक्तिवाद झाले होते.

दोन पक्षांच्या दोन अध्यक्षांसाठी त्याच कार्यालयातून उभे राहिलेल्या वकिलाला हाताशी एक सोय असते. त्याने जे मांडले ते सरकारचे म्हणणे असते, त्याचे स्वतःचे नव्हे. त्याच्या वैयक्तिक मतांचा कागद कुठे सापडत नाही. ही सोय दरवेळी कामाला येतेच असे मात्र नाही.

अडलेल्यांची रांग

मिगेल एस्त्रादा यांचे उदाहरण घ्या. होंडुरासमध्ये जन्मलेले, तरुणपणी अमेरिकेत आलेले, त्याच सॉलिसिटर जनरलच्या कार्यालयात काम केलेले. मे २००१ मध्ये बुश यांनी त्यांचे नाव डीसी सर्किटसाठी दिले. लॅटिन अमेरिकी वंशाचा हा माणूस पुढे सर्वोच्च न्यायालयात जाईल, ही धास्ती डेमोक्रॅटांना होती. त्यांनी एस्त्रादा यांची कार्यालयातली अंतर्गत टिपणे मागितली. हयात असलेल्या सगळ्या माजी सॉलिसिटर जनरलांनी पत्र लिहून सांगितले की अशी टिपणे बाहेर दिली तर कार्यालयात मोकळेपणाने लिहिणेच बंद होईल. उपयोग झाला नाही. चर्चा थांबवण्याचे प्रयत्न सात वेळा फसले. दोन वर्षांहून अधिक काळ घोंगडे भिजत पडले आणि सप्टेंबर २००३ मध्ये त्यांनी स्वतःच नाव मागे घेतले.

श्रीनिवासन आणि एस्त्रादा यांच्या कारकिर्दी शेजारी ठेवल्या तर लायकीत डावे-उजवे करणे अवघड आहे. दोघेही स्थलांतरित, दोघेही सर्वोच्च न्यायालयातले माजी क्लार्क, दोघेही त्याच कार्यालयातले. एकाला मतदानही मिळाले नाही आणि दुसऱ्याला ९७.

रांगेत आणखी लोक होते. जॉन रॉबर्ट्स यांचे नाव १९९२ मध्ये पहिल्यांदा आले, ते तसेच बाद झाले. २००१ मध्ये दुसऱ्यांदा दिले गेले आणि मंजुरी आली २००३ मध्ये. मेरिक गार्लंड यांचे नाव १९९५ मध्ये आले, मंजुरी १९९७ मध्ये. त्या वेळी आयोवाचे रिपब्लिकन सिनेटर चक ग्रासली यांचा आक्षेप माणसावर नव्हता, या न्यायालयाला इतके न्यायाधीश लागतातच कशाला, यावर होता. हा आक्षेप लक्षात ठेवा. पीटर काइस्लर यांचे नाव २००६ मध्ये आले, सुनावणी झाली, पुढे काहीच नाही. ब्रेट कॅव्हनॉ यांना मे २००६ मध्ये मंजुरी मिळाली आणि त्यानंतर सात वर्षे दार बंद.

ओबामांनी पहिल्यांदा दिलेले नाव श्रीनिवासन यांचे नव्हते. सप्टेंबर २०१० मध्ये त्यांनी न्यूयॉर्कच्या माजी सॉलिसिटर जनरल केटलिन हॅलिगन यांना पुढे केले. हॅलिगन यांनी न्यूयॉर्क राज्याच्या वतीने बंदूक उत्पादकांविरुद्धचा खटला लढवला होता. तो राज्याचा खटला होता, त्या राज्याच्या वकील होत्या, पण बंदूकधारकांच्या संघटनेने तो त्यांच्याच माथी मारला. डिसेंबर २०११ मध्ये ५४ विरुद्ध ४५, मार्च २०१३ मध्ये ५१ विरुद्ध ४१: दोन्ही वेळा बहुमत त्यांच्या बाजूने होते, पण ६० नव्हते. २२ मार्च २०१३ रोजी नाव मागे घेतले गेले. वकिलाला त्याच्या अशिलावरून जोखणे हा मला या सगळ्या व्यवहारातला सर्वांत मोठा अन्याय वाटतो, कारण मग अवघड अशिलाचे वकीलपत्र घेताना प्रत्येक तरुण वकील पुढच्या नेमणुकीचा विचार करत राहील.

श्रीनिवासन यांचे अकरा महिने

११ जून २०१२ रोजी त्यांचे नाव सिनेटकडे गेले. जागा रेमंड रँडॉल्फ यांची. त्यांनी नोव्हेंबर २००८ मध्ये पूर्णवेळ काम सोडून ज्येष्ठ न्यायाधीशाचा दर्जा घेतला होता. २०१२ हे निवडणुकीचे वर्ष, त्यामुळे सहा महिने काही हलले नाही. २ जानेवारी २०१३ रोजी अधिवेशन संपले तसे नाव परत आले, दुसऱ्याच दिवशी पुन्हा पाठवले गेले.

कुरकुर आधी डावीकडूनच सुरू झाली. एक्सॉनमोबिल या तेल कंपनीविरुद्ध इंडोनेशियातल्या आचे प्रांतातल्या गावकऱ्यांनी मानवाधिकारांच्या उल्लंघनाचा दावा लावला होता आणि त्यात श्रीनिवासन कंपनीच्या बाजूचे वकील होते. स्किलिंगचा खटलाही होताच. बुश यांच्या काळातले कामही होते. हा माणूस कंपन्यांचा आहे, कामगारांना याच्याकडून काय मिळणार, असा सूर काही उदारमतवादी गटांनी लावला.

उजवीकडची शंका वेगळी होती. मिनेसोटातल्या सेंट पॉल शहराने घरांबाबतच्या भेदभावाविषयीचे आपले अपील फेब्रुवारी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयातून अचानक मागे घेतले. त्यामागे न्याय खात्याचे टॉम पेरेझ यांनी शहराशी सौदा केला, असा रिपब्लिकनांचा आरोप होता. श्रीनिवासन त्या काळात खात्यातच वरच्या जागी. त्यांचा यात हात होता का, हे आधी कळले पाहिजे असे म्हणत सुनावणी लांबवली गेली. त्यांच्याविरुद्ध त्यातून काही निघाले नाही.

या मधल्या काळातला एक दिवस जवळून पाहण्यासारखा आहे. २७ मार्च २०१३. हॅलिगन यांचे नाव मागे घेतल्याला पाच दिवस झालेले, श्रीनिवासन यांची स्वतःची सुनावणी दोन आठवड्यांवर. त्या सकाळी सर्वोच्च न्यायालयात विंडसर खटला उभा राहिला. विवाह फक्त स्त्री आणि पुरुषातच, असे म्हणणाऱ्या संघीय कायद्याचा. सॉलिसिटर जनरलच्या कार्यालयातले पुरुष वकील तिथे आजही जुन्या पद्धतीचा मागे शेपटा असलेला काळा कोट आणि पट्ट्यांची विजार घालून उभे राहतात. त्या वेषात श्रीनिवासन उठले ते कायद्याच्या गुणदोषांवर बोलायला नव्हे. त्यांच्याकडे अवघड तुकडा आला होता. खालच्या न्यायालयाचा निकाल सरकारला मान्य होता आणि तरी सरकारच अपिलात आले होते. दोन्ही पक्षांचे एकमत असेल तर न्यायालयापुढे वाद उरतो कुठे? असा खटला ऐकण्याचा अधिकारच न्यायालयाला आहे का?

समोर सरन्यायाधीश रॉबर्ट्स. ते स्वतः डीसी सर्किटचे माजी न्यायाधीश, आणि त्याआधी श्रीनिवासन यांच्याच पदावर, प्रधान उपसॉलिसिटर जनरल म्हणून काम केलेले. हे तर पूर्वी कधीच घडलेले नाही, असे त्यांनी सुनावले. श्रीनिवासन यांनी नेहमीसारखे नाही हे कबूल केले, पण परिस्थितीच तशी असल्याने त्यात आश्चर्य नाही, असे सांगून मुद्दा पुढे नेला: सरकार कायदा अजून पाळते आहे, वादीला परत द्यायचे कराचे पैसे अजून सरकारकडेच आहेत, म्हणून वाद जिवंत आहे. ज्या वकिलाचे नाव त्या क्षणी सिनेटपुढे लोंबकळत होते त्याने असा विषय टाळला असता तरी कोणी नावे ठेवली नसती. जूनमध्ये न्यायालयाने खटला ऐकण्याचा आपला अधिकार मान्य केला आणि कायद्याचे ते कलम ५ विरुद्ध ४ मतांनी रद्द केले.

त्याच सकाळी त्या कायद्याच्या बाजूने उभे होते पॉल क्लेमेंट, बुश यांचे माजी सॉलिसिटर जनरल आणि श्रीनिवासन यांचे जुने वरिष्ठ. आणि याच क्लेमेंट यांची सही श्रीनिवासन यांना पाठिंबा देणाऱ्या पत्रावर होती. दोन्ही पक्षांच्या राजवटींत त्या कार्यालयाची सूत्रे सांभाळलेल्या बारा जणांचे हे पत्र. त्यात केनेथ स्टार आणि थिओडोर ओल्सन यांच्यासारखी कट्टर रिपब्लिकन नावे होती. न्यायालयात समोरासमोर उभे राहणारे वकील एकमेकांच्या लायकीची अशी जाहीर ग्वाही देतात, ही रीत मला मनापासून आवडते.

१० एप्रिलला सुनावणी झाली. सूर मवाळ होता. १६ मे रोजी समितीने १८ विरुद्ध ० मतांनी नाव पुढे पाठवले. आठवड्याने सभागृहाचे मतदान झाले.

बेरीज

आता न्यायालयात कोण बसले होते ते पाहू. फेब्रुवारी २०१३ मध्ये डेव्हिड सेंटेल यांनी ज्येष्ठ दर्जा घेतला. ११ पैकी ४ जागा रिकाम्या झाल्या, ७ न्यायाधीश उरले. त्यांपैकी हेंडरसन, ब्राउन, ग्रिफिथ आणि कॅव्हनॉ हे चौघे रिपब्लिकन अध्यक्षांनी नेमलेले. गार्लंड, रॉजर्स आणि टेटल हे तिघे क्लिंटन यांनी नेमलेले. शिवाय सहा ज्येष्ठ न्यायाधीश काम पाहत होते आणि त्यांपैकी पाच रिपब्लिकन अध्यक्षांचे. खटले ऐकणारे तिघांचे पीठ चिठ्ठी टाकल्यासारखे ठरते, त्यामुळे अनेकदा पीठावर बहुमत त्यांचेच असे. ऑगस्ट २०१२ मध्ये राज्याराज्यांत वाहत जाणाऱ्या प्रदूषणाबाबतचा ओबामा सरकारचा नियम याच न्यायालयाने रद्द केला होता, आणि जानेवारी २०१३ मध्ये कामगार संबंध मंडळावरच्या ओबामांच्या नेमणुका अवैध ठरवल्या होत्या.

श्रीनिवासन आले की ४ विरुद्ध ३ चे ४ विरुद्ध ४ होणार होते. बरोबरी. रिपब्लिकनांना ती परवडत होती. वरून फायदाही होता: डेमोक्रॅट सिनेटचे नियम बदलण्याची भाषा करत होते, त्यांना उत्तर देता येणार होते की पाहा, योग्य माणूस दिला तर आम्ही एकमुखाने मत देतो. हॅलिगन यांना दोनदा अडवल्यानंतर लगेच, भारतात जन्मलेल्या, बुश यांच्या राजवटीत काम केलेल्या आणि स्टार-ओल्सन यांचा पाठिंबा असलेल्या माणसाला अडवायचे तर तोंड दाखवायला जागा राहिली नसती. प्रतिकूल असे त्या क्षणी काही उरलेच नव्हते.

याचा पुरावा लगेच मिळाला. ४ जून २०१३ रोजी ओबामांनी उरलेल्या तिन्ही जागांसाठी एकदम नावे दिली: पट्रिशिया मिलेट, नीना पिलार्ड, रॉबर्ट विल्किन्स. मिलेट तर श्रीनिवासन यांच्यासारख्याच, सॉलिसिटर जनरलच्या कार्यालयातून आलेल्या आणि त्यांच्याहून अधिक वेळा सर्वोच्च न्यायालयात उभ्या राहिलेल्या. पण आता बरोबरी मोडणार होती. ग्रासली यांनी आपला जुना मुद्दा पुन्हा काढला: या न्यायालयाला काम कमी आहे, तीन जागा कमीच करा. मिलेट यांना ३१ ऑक्टोबरला ५५ मते मिळाली आणि त्या अडल्या. पिलार्ड ५६ मतांवर अडल्या, विल्किन्स ५३ वर. २१ नोव्हेंबर २०१३ रोजी डेमोक्रॅटांनी ५२ विरुद्ध ४८ मतांनी नियमच बदलला. सर्वोच्च न्यायालय सोडून बाकी सगळ्या नेमणुकांसाठी साधे बहुमत पुरेसे झाले, आणि तिघेही डिसेंबर-जानेवारीत आत आले.

मिलेट यांच्या लायकीत मे ते ऑक्टोबरदरम्यान काही कमी झाले नव्हते. बदलली होती ती फक्त बेरीज.

न्यायासनावर

२६ सप्टेंबर २०१३ च्या समारंभात शपथ दिली निवृत्त न्यायमूर्ती ओ'कॉनर यांनी, म्हणजे ज्यांच्या हाताखाली ते क्लार्क होते त्यांनीच. श्रीनिवासन यांनी हात ठेवला तो भगवद्गीतेवर, आणि गीता धरली होती त्यांच्या आईंनी.

कंपन्यांचा माणूस, हा अंदाज किती खरा ठरला? ऑगस्ट २०१५ मध्ये वृद्ध आणि आजारी माणसांची घरी जाऊन शुश्रूषा करणाऱ्या कामगारांचा खटला त्यांच्यापुढे आला. या कामगारांना किमान वेतन आणि जादा तासांचा मोबदला लागू करणारा कामगार खात्याचा नियम खालच्या न्यायालयाने रद्द केला होता. श्रीनिवासन यांनी निकालपत्र लिहून तो पुन्हा उभा केला. पीठ एकमत होते आणि सुमारे वीस लाख कामगारांचा प्रश्न होता. जून २०१६ मध्ये इंटरनेट पुरवणाऱ्या कंपन्यांनी सगळ्या संकेतस्थळांना सारखे वागवावे हा नियम त्यांनी आणि टेटल यांनी मिळून उचलून धरला. दुसरीकडे, सर्वोच्च न्यायालयाच्या पायऱ्यांपुढच्या चौकात निदर्शनांना असलेली बंदी त्यांनी २०१५ मध्ये वैध ठरवली आणि भाषणस्वातंत्र्याच्या कैवाऱ्यांची निराशा केली. डिसेंबर २०२३ मध्ये ६ जानेवारी २०२१ च्या संसदभवनावरच्या दंगलीबाबत ट्रम्प यांच्याविरुद्ध लावलेल्या दिवाणी दाव्यांत त्यांनी लिहिले की पुन्हा निवडून येण्यासाठी उमेदवार म्हणून केलेल्या कृत्यांना अध्यक्षपदाचे संरक्षण नाही. पीठावरचे ट्रम्प यांनी नेमलेले ग्रेगरी कॅट्सास या निष्कर्षाशी सहमत होते. एन्रॉन किंवा एक्सॉनच्या वकीलपत्रावरून यांतले काहीही ओळखता आले नसते.

९७ या आकड्याची परीक्षा एकदा खरोखर झाली. फेब्रुवारी २०१६ मध्ये न्यायमूर्ती स्कॅलिया वारले. ओबामांच्या अंतिम यादीत श्रीनिवासन यांचे नाव असल्याचे तेव्हा छापून आले, आणि युक्तिवाद असा होता की तीनच वर्षांपूर्वी ज्यांनी त्यांना मत दिले ते आता कोणत्या तोंडाने नाही म्हणतील. नाव शेवटी गार्लंड यांचे दिले गेले. पण सिनेटमध्ये तोवर बहुमतात आलेल्या रिपब्लिकनांनी कोणाचीच सुनावणी घ्यायची नाही असे आधीच ठरवले होते. गार्लंड यांची नेमणूक ३ जानेवारी २०१७ पर्यंत पडून राहिली आणि बाद झाली. त्या जागी श्रीनिवासन असते तर वेगळे काही घडले असते, असे मला वाटत नाही.

फेब्रुवारी २०२० मध्ये, वयाची ५३ वर्षे पूर्ण होण्याआधी काही दिवस, ते डीसी सर्किटचे मुख्य न्यायाधीश झाले. गार्लंड यांची त्या पदावरची सात वर्षे संपली होती. हे पद कोणी देत नाही आणि त्याला सिनेट लागत नाही. ६५ वर्षांखालच्या न्यायाधीशांत जो सर्वांत ज्येष्ठ, त्याच्याकडे ते सात वर्षांसाठी जाते. ज्येष्ठता मोजली जाते ती न्यायालयावर येण्याच्या तारखेपासून. म्हणजे मिलेट, पिलार्ड आणि विल्किन्स यांच्या आधी, ४ विरुद्ध ३ असतानाच्या त्या मे महिन्यात मत पडले, त्याचा हिशेब इथेही लागला.

श्रीनिवासन यांच्यानंतर डीसी सर्किटवर आलेल्यांपैकी काहींची मते अशी: मिलेट ५६-३८, पिलार्ड ५१-४४, विल्किन्स ५५-४३, कॅट्सास ५०-४८, निओमी राव ५३-४६, जस्टिन वॉकर ५१-४२, केतांजी ब्राउन जॅक्सन ५३-४४. २०२२ मध्ये मिशेल चाइल्ड्स यांना ६४ विरुद्ध ३४ मते मिळाली. २०१३ नंतरच्या नेमणुकांत या न्यायालयासाठी पडलेली तीच सर्वांत मोठी संख्या, आणि तिच्यातही चौतीस जण विरोधात होते.